ज्येष्ठ केबिन कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान

ज्येष्ठ केबिन कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान म्हणजे प्रवासी विमानांत दीर्घकाळ सेवा केलेल्या हवाईसुंदरी, फ्लाइट पर्सर, केबिन पर्यवेक्षक आदी कर्मचाऱ्यांची आपल्या नोकरीविषयीची समाधानाची किंवा असमाधानाची भावना होय. संघटनात्मक मानसशास्त्र, श्रमाचे समाजशास्त्र आणि कामगार कायदा या तिन्ही क्षेत्रांत या विषयाचा विचार झालेला आहे. इतर बहुतेक व्यवसायांत ज्येष्ठता ही काळाच्या ओघात आपोआप येणारी गोष्ट असते. केबिनमधील कामाचे तसे नाही. हा व्यवसाय, विशेषतः स्त्रियांसाठी, मुळात काही वर्षांपुरताच आखला गेला होता आणि त्यात ज्येष्ठ होण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना न्यायालये व कामगार संघटनांच्या मार्गाने मिळवावा लागला. त्यामुळे येथील समाधानाचा प्रश्न प्रवाशांची सेवा करणे आवडते की नाही एवढ्यापुरता राहत नाही. सेवेच्या वर्षांच्या मोबदल्यात कर्मचाऱ्याला वेळेवर ताबा, पदाचा मान आणि कामावर टिकून राहण्याची शाश्वती मिळते का, यावर तो मुख्यतः अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

विमानातील सेवेची सुरुवात पुरुषांनी केली. जर्मनीच्या हाइनरिश कुबिस यांनी १९१२ पासून झेपेलिन हवाईजहाजांवर प्रवाशांची व्यवस्था पाहिली. अमेरिकेत १५ मे १९३० रोजी एलन चर्च या परिचारिकेने बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात पहिली स्त्री कर्मचारी म्हणून काम केले. त्या वेळी निवडीसाठी तरुण, अविवाहित आणि प्रशिक्षित परिचारिका असणे आवश्यक होते. परिचारिकेची अट पुढे गळून पडली, तारुण्याची आणि अविवाहितपणाची मात्र कित्येक दशके कायम राहिली. अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांसाठी ३२ वर्षांची कमाल वयोमर्यादा लागू केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर अशा अटींना आव्हान मिळू लागले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील वयाच्या व विवाहाच्या बहुतेक अटी संपुष्टात आल्या. डायझ विरुद्ध पॅन अमेरिकन या १९७१ च्या खटल्यामुळे हे काम पुरुषांनाही खुले झाले.

मराठीत रूढ झालेला ‘हवाईसुंदरी’ हा शब्द याच पूर्वग्रहाचा अवशेष आहे. पंचावन्न वर्षांच्या, तीस वर्षे उड्डाणे केलेल्या आणि आणीबाणीत तीनशे प्रवाशांना बाहेर काढण्याची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याला हा शब्द चपखल बसत नाही. त्याच कामावरील पुरुषाला तर तो लागूच पडत नाही. ‘केबिन क्रू’ किंवा ‘केबिन कर्मचारी’ हे शब्द अलीकडे अधिक वापरले जातात ते यामुळेच.

ज्येष्ठतेचा क्रमांक आणि वेळेवरील ताबा

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या रुजू होण्याच्या तारखेवरून त्याला ज्येष्ठतेचा क्रमांक मिळतो. पुढील महिन्याचे मार्ग, सुट्ट्या, मुक्कामाची शहरे आणि रजेचे आठवडे यांसाठी कर्मचारी पसंती नोंदवतात व क्रमांकानुसार त्या मान्य होतात. वरच्या क्रमांकाच्या व्यक्तीला हवी ती फेरी मिळते, तर नवा कर्मचारी राखीव यादीत राहतो आणि दूरध्वनी येताच विमानतळ गाठतो. पगाराच्या आकड्यांत न दिसणारा हा लाभ ज्येष्ठांच्या समाधानाचा कदाचित सर्वांत भक्कम आधार आहे.

बेट नॅश यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. त्यांनी १९५७ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्समध्ये काम सुरू केले आणि कंपन्या बदलत गेल्या, विलीन झाल्या, तरी त्या २०२४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी निधन पावेपर्यंत अमेरिकन एअरलाइन्सच्या सेवेत होत्या. सर्वाधिक काळ काम केलेल्या केबिन कर्मचारी म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. ज्येष्ठतेमुळे त्यांना जगातील कोणताही मार्ग निवडता आला असता, पण त्यांनी वर्षानुवर्षे वॉशिंग्टन–बॉस्टन हा छोटा मार्गच मागितला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाजवळ रोज रात्री घरी राहता यावे, हे त्यामागचे कारण होते. बाहेरून पाहणाऱ्याला या नोकरीचे आकर्षण परदेशी शहरांत दिसते. अनुभवी कर्मचाऱ्याच्या लेखी मात्र ते पुष्कळदा घरी परतण्याची वेळ स्वतः ठरवता येण्यात असते.

या पद्धतीची दुसरी बाजू कमी चर्चिली जाते. ज्येष्ठतेचा क्रमांक एका कंपनीपुरताच असतो. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभवी कर्मचारीही यादीच्या तळाशी जातो. त्यामुळे नोकरी न आवडणारा मनुष्यही ती सोडत नाही आणि दीर्घ सेवा हा समाधानाचा पुरावा मानता येत नाही. कंपनीच बंद पडली तर हे भांडवल एका दिवसात शून्य होते. डिसेंबर १९९१ मध्ये पॅन अ‍ॅम बंद पडली आणि १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा ज्येष्ठांचे नुकसान कनिष्ठांपेक्षा मोठे होते. कनिष्ठांना दुसरीकडे जवळपास तेच काम आणि तोच दर्जा मिळू शकत होता. ज्येष्ठांना पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणार होते, तेही नव्या भरतीच्या जाहिरातींतील वयाची अट आड येत नसेल तर.

भारतात उड्डाणांचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, बहुतांशी कंपनीच आखते. कर्मचाऱ्यांत आपापसांत फेऱ्यांची अदलाबदल होते आणि काही ठिकाणी पसंती नोंदवण्याची सोयही असते. तरीही अमेरिकेइतका बांधील असा ज्येष्ठतेचा हक्क येथे सर्वत्र नाही. येथे ज्येष्ठतेचा अर्थ पद, भत्ते आणि निवृत्तीचे वय यांच्याशी अधिक निगडित राहिला आणि संघर्षही त्यावरूनच झाले.

भारतातील न्यायालयीन लढे

एअर इंडियाच्या मुंबईस्थित कर्मचाऱ्यांशी निगडित खटल्यांची मालिका हा या विषयाचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कंपनीच्या तत्कालीन नियमांनुसार हवाईसुंदरीने वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास नोकरी सोडावी आणि पहिल्या गर्भधारणेनंतरही सोडावी, असे होते. यांपैकी जे आधी घडेल ते लागू होई. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने ३५ ची मर्यादा वर्षावर्षाने वाढवून ४५ पर्यंत नेता येत असे. त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुष पर्सरचे निवृत्तीचे वय ५८ होते.

एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८१ मध्ये निकाल दिला. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या या निकालात गर्भधारणेची अट घटनाबाह्य ठरली आणि ती भारतीय स्त्रीत्वाचा अवमान करणारी असल्याचा अभिप्राय नोंदवला गेला. मुदतवाढ केवळ संचालकांच्या इच्छेवर सोडणारी तरतूदही रद्द झाली. मात्र चार वर्षांत विवाह न करण्याची अट न्यायालयाने योग्य ठरवली. कुटुंबनियोजनाला होणारी मदत आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च वाया न जाणे अशी कारणे त्यासाठी दिली गेली. आजच्या वाचकाला ती कारणे विचित्र वाटल्यास नवल नाही. स्त्री आणि पुरुष कर्मचारी हे दोन वेगळे संवर्ग असल्याने निवृत्तीच्या वयातील फरक हा भेदभाव ठरत नाही, ही न्यायालयाची भूमिका पुढील वीस वर्षे निर्णायक ठरली.

१९८९ मध्ये केंद्र सरकारच्या निर्देशानुसार स्त्री कर्मचाऱ्यांना ५८ वर्षांपर्यंत नोकरीत राहण्याची मुभा मिळाली, पण उड्डाणाची मर्यादा ४५ वर्षांवरच राहिली आणि त्यानंतर त्यांना जमिनीवरील काम स्वीकारावे लागणार होते. १९९३ मध्ये ही मर्यादा ५० वर नेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा फरक भेदभावाचा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन विरुद्ध यशस्विनी मर्चंट या खटल्यात, तो निकाल फिरवला.

या खटल्यात स्त्री कर्मचारी एका बाजूला आणि कंपनी दुसऱ्या बाजूला अशी सरळ विभागणी नव्हती, आणि कार्यसमाधानाच्या दृष्टीने त्यातील हीच बाब सर्वांत बोलकी आहे. बहुसंख्य हवाईसुंदरींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेने कंपनीशी केलेले करार मान्य केले होते आणि ५० व्या वर्षी उड्डाण थांबवून जमिनीवर येण्याची सोय तिला हवी होती. विरोध होता तो बढती मिळून अधिकारी श्रेणीत पोहोचलेल्या अल्पसंख्य स्त्रियांचा. ज्यांना विमानात अधिकाराचे स्थान मिळाले होते त्यांना तेथेच राहायचे होते. ज्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे ट्रॉली ढकलणेच आले होते, त्यांच्यापैकी अनेकींना सन्मानाने खाली उतरण्याचा मार्ग हवा होता. दोन्ही बाजूंच्या स्त्रिया एकाच वयाच्या, एकाच कंपनीतल्या आणि तेच आकाश पाहिलेल्या होत्या. पुढे सरकारने स्त्रियांनाही ५८ वर्षांपर्यंत उड्डाणाची परवानगी दिली.

एक अडसर तरीही शिल्लक होता. विमानातील संपूर्ण केबिनची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्या ‘इनफ्लाइट सुपरवायझर’चे काम जुन्या भरतीतील पुरुषांनाच मिळत असे. वयाने आणि सेवेने कितीही ज्येष्ठ असलेली स्त्री विमानात आपल्यापेक्षा कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करी. एअर इंडियाने २००५ मध्ये हे काम स्त्रियांना खुले केले. काही पुरुष कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीचा निर्णय कायम ठेवला. इनफ्लाइट सुपरवायझर हे स्वतंत्र पद नसून उड्डाणापुरते सोपवलेले कार्य आहे, असे न्यायालयाने म्हटले.

वजनाचा प्रश्नही याच काळातला. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वजन जास्त असल्याच्या कारणावरून एअर इंडियाने काही हवाईसुंदरींना आधी उड्डाणावरून आणि २००९ मध्ये नोकरीवरून काढले. शरीराचे वजन वयाबरोबर वाढते हे सर्वज्ञात असल्याने, वयाची अट दारातून बाहेर गेली आणि खिडकीतून परत आली अशी टीका तेव्हा झाली.

दर्जा घसरण्याचे असमाधान

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार समाधान देणारे आणि असमाधान निर्माण करणारे घटक वेगवेगळे असतात. कामातील यश, जबाबदारी आणि मान्यता यांतून समाधान मिळते. पगार, कंपनीची धोरणे व कामाची परिस्थिती बिघडली तर असमाधान वाढते, पण त्या सुधारल्याने समाधान निर्माण होतेच असे नाही. ज्येष्ठ केबिन कर्मचाऱ्यांच्या अलीकडच्या संघर्षांत हे दोन्ही घटक एकत्र गुंतलेले दिसतात, कारण खर्चकपातीत बहुधा ज्येष्ठांचे पदच पहिल्यांदा कमी होते.

ब्रिटिश एअरवेजने २००९ च्या अखेरीस लांब पल्ल्याच्या विमानांवरील कर्मचाऱ्यांची संख्या कमी केली. जम्बो विमानावर १५ ऐवजी १४ कर्मचारी आले आणि सर्वांत वरिष्ठ असलेल्या केबिन सर्व्हिस डायरेक्टरला देखरेखीबरोबर प्रत्यक्ष सेवेचे कामही करावे लागले. २०१० मध्ये २२ दिवस संप झाला. संपकऱ्यांची सवलतीच्या विमानप्रवासाची सुविधा कंपनीने काढून घेतली. ही सुविधा दुरून घरी ये-जा करणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या जगण्याचाच भाग झालेली असते, त्यामुळे मूळ मागणीइतकाच हा मुद्दाही वादाचा झाला. दरम्यान कमी वेतनावर घेतलेल्या नव्या कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र ताफा उभा राहिला. तंटा २०११ मध्ये मिटला.

भारतात मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे दोनशेहून अधिक केबिन कर्मचारी, त्यांत बरेचसे ज्येष्ठ, अचानक आजारपणाच्या रजेवर गेले आणि अनेक उड्डाणे रद्द झाली. कंपनीचे एअर एशिया इंडियाशी विलीनीकरण चालू होते. वरिष्ठ जागेसाठी निवड होऊनही काहींना खालची जागा देऊ केली गेली, भत्त्यांत बदल झाले आणि सर्वांना समान वागणूक मिळत नाही, अशा कर्मचारी संघटनेच्या तक्रारी होत्या. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले. ९ मे रोजी दिल्लीत कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन त्यांना परत घेण्यात आले. विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात दोन ज्येष्ठता-याद्या एकत्र कशा करायच्या हा प्रश्न जगभर असाच पेटतो, कारण एका यादीतील प्रत्येक पायरी दुसऱ्या यादीतील कोणाला तरी खाली ढकलते.

वेतनाची मोजणी हाही जुना सल आहे. अनेक कंपन्यांत तासांचे वेतन विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा थांबेपर्यंतच मोजले जाते. प्रवासी चढत असतानाचा वेळ, विलंबातील तास आणि दरवाजे उघडल्यानंतरचे काम त्यात धरले जात नाही. डेल्टा एअरलाइन्सने २०२२ मध्ये प्रवासी चढण्याच्या वेळेसाठी अर्ध्या दराने वेतन देण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपात हाच प्रमुख मुद्दा होता.

भावनिक श्रम

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिले आणि ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना रूढ केली. वेतनाच्या बदल्यात स्वतःच्या भावनांना वळण लावून समोरच्याच्या मनात अपेक्षित भावना निर्माण करणे, असा तिचा आशय आहे. हॉक्शिल्ड यांनी यात दोन प्रकार मानले. केवळ चेहऱ्यावर भाव आणणे हा एक, आणि स्वतःला तसे खरोखर वाटावे यासाठी मनाची तयारी करणे हा दुसरा.

अनुभवाबरोबर हे कौशल्य वाढते यात शंका नाही. चिडलेला प्रवासी घाबरलेला आहे की मद्य प्यालेला आहे, हे जुन्या पर्सरला पहिल्या वाक्यात कळते. परंतु हास्य कधी खरे आणि कधी कामापुरते हे स्वतःलाच न उमगण्याची स्थिती, म्हणजे भावनिक विसंगती, हीदेखील दीर्घ सेवेतूनच येते. ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक भर पडते ती कनिष्ठ सहकाऱ्यांना सांभाळण्याची. प्रत्येक उड्डाणाला संघ बदलतो, काही वेळा कोणीच कोणाला ओळखत नसते, आणि तरी उड्डाणापूर्वीच्या थोड्या मिनिटांच्या बैठकीत परस्परविश्वास उभा करणे हे पर्यवेक्षकाचे काम असते. हे काम मोजले जात नाही, त्याला वेगळे वेतनही नसते.

या व्यवसायाचा गाभा सुरक्षितता आहे आणि ज्येष्ठांच्या अभिमानाचे मूळही बहुधा तेथेच असते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहृत झालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानात मुंबईच्या नीरजा भनोत ज्येष्ठ पर्सर होत्या. त्यांचे वय तेव्हा तेवीसही नव्हते, म्हणजे केबिनमधील ज्येष्ठता वयाने नव्हे तर पदाने आणि जबाबदारीने ठरते. प्रवाशांना वाचवताना त्यांना मृत्यू आला व मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने पेट घेतला, तेव्हा सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले. अशा प्रसंगांखेरीज मात्र हे कौशल्य प्रवाशांना दिसत नाही. उड्डाण सुरळीत झाले की स्मरणात राहतो तो चहा.

आरोग्य

विमानातील हवेचा दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील हवेइतका असतो आणि आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली राहते. रात्रपाळी, कालपट्टे ओलांडणे, वैश्विक किरणांचा संपर्क आणि उतरत्या-चढत्या विमानात जड ट्रॉली ओढणे यांचे परिणाम वर्षांबरोबर साचत जातात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ५,३६६ केबिन कर्मचाऱ्यांवरील पाहणीत स्तनाचा कर्करोग व त्वचेचे कर्करोग यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळले. पाठदुखी आणि झोपेच्या तक्रारी तर या व्यवसायात इतक्या सर्रास आहेत की कर्मचारी त्यांना आजार मानायलाच तयार नसतात. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास उड्डाण आणि त्यासोबतचे भत्ते दोन्ही थांबतात, या भीतीने दुखणे लपवले जाण्याचा संभव राहतो.

मोजमापातील अडचणी

कार्यसमाधान मोजण्यासाठी १९६७ ची मिनेसोटा समाधान प्रश्नावली आणि १९६९ चा जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स ही साधने प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या साधनात काम, वेतन, बढती, पर्यवेक्षण आणि सहकारी असे पाच पैलू तपासले जातात. ती कार्यालये आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली. घरी परतण्याची रात्र कोण ठरवते, परक्या शहरातील हॉटेलात झोप लागते का, दर उड्डाणाला बदलणारे सहकारी ‘सहकारी’ या शब्दात कितपत बसतात, हे त्यांत नाही. पर्यवेक्षण हा पैलूही येथे अडचणीचा ठरतो, कारण कार्यालयातील वरिष्ठ विमानात नसतो आणि विमानातील वरिष्ठ उद्या दुसराच असतो.

क्लार्क, ओस्वाल्ड व वॉर यांनी १९९६ मध्ये ब्रिटनमधील कामगारांविषयी दाखवून दिले की समाधान तारुण्यात मध्यम असते, तिशीच्या सुमारास उतरते आणि पुढे पुन्हा वाढते. केबिन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा आलेख जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. असमाधानी कर्मचारी बहुधा पहिल्या काही वर्षांत नोकरी सोडतात. त्यामुळे पंचवीस वर्षांनंतर प्रश्नावली भरणाऱ्यांत एक तर हे काम मनापासून आवडणारे उरतात, नाही तर ज्येष्ठतेचा क्रमांक गमावणे परवडत नाही असे. आकड्यांच्या सरासरीत हे दोन गट एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांना वेगळे करण्यासाठी प्रत्यक्ष मुलाखतीच घ्याव्या लागतात.